त्या म्हाताऱ्याचा डबा मी खाल्ला होता

हरिपूर रोड

२००१ साली, अकरावीत असताना, मी एका म्हाताऱ्याचा डबा खाल्ला.

जत्रा भरली होती. एका टेबलावर जेवण ठेवलेलं दिसलं. बटण दाबलं, अंगात थोडी ताकद आली, पुढे गेलो आणि विसरून गेलो. बऱ्याच वेळाने माझ्यावर खटला उभा राहिला. आरोप राजकन्येला पळवल्याचा. राजाचा प्रधानच वकील. तो म्हणाला, आधी या पोराचं चारित्र्य बघा. आणि साक्षीला तो म्हातारा! याने माझा डबा खाल्ला.

सांगलीत मित्राच्या माडीवर, त्याच्या कॉम्प्युटरसमोर बसून मला खरोखर घाम फुटला. तोपर्यंतचे माझे सगळे खेळ टीव्हीला जोडायचे. पिवळी कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत खोचायची. मारिओने कासवं चिरडायची, कॉन्ट्रात दिसेल त्याला गोळी घालायची. तिथे केल्या कृत्याचा जाब कुणी विचारत नसे. इथे खेळाने पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं.

त्या खेळाचं नाव क्रोनो ट्रिगर. जपानच्या स्क्वेअर कंपनीने १९९५ साली सुपर निंटेंडो या टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी काढलेला. फायनल फॅन्टसीचे हिरोनोबु साकागुची आणि ड्रॅगन क्वेस्टचे युजी होरी, म्हणजे एकमेकींशी टक्कर घेणाऱ्या दोन मालिकांचे जन्मदाते, यात एकत्र आले होते. पात्रांची चित्रं ड्रॅगन बॉलच्या अकिरा तोरियामांची. हे सगळं मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की मित्राच्या दादाने पुण्याहून आणलेल्या सीडीत एम्युलेटर, म्हणजे तसल्या यंत्राचे खेळ कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम होता आणि सोबत हा खेळ.

त्या खटल्यात काय काय मोजतात ते सांगतो, कारण माझं वेड तिथून सुरू झालं. जत्रेत एक मुलगी, तीच ती राजकन्या, तुम्हाला धडकते, दोघंही पडता, तिचं पदक उडून बाजूला जातं. आधी तिची विचारपूस केलीत की आधी पदक उचललंत? नंतर ती मिठाई निवडत असते, तेव्हा थांबलात की तिला ओढत निघालात? एक जण ते पदक विकत मागतो. विकायला निघाला होतात का? एका लहान मुलीची मांजर हरवलेली असते, ती आणून दिलीत का? आणि तो डबा. यातली प्रत्येक गोष्ट घडताना इतकी किरकोळ वाटते की आपण काही ठरवतोय हे ध्यानातच येत नाही. मग सात पंच एकेक करून येतात. कुणी दोषीच्या बाजूला उभा राहतो, कुणी निर्दोषच्या.

मी दोषी ठरलो.

पुढच्या खेपेला शहाण्यासारखा वागलो, निर्दोष सुटलो, तरी प्रधानाने कोठडीतच टाकलं. गोष्टीची गाडी दोन्हीकडून त्याच स्टेशनात येते. त्या वयात मला ती फसवणूक वाटली होती. आज वाटत नाही. त्यानंतर कुठल्याही खेळात परक्या घरात शिरून पेटी उघडताना माझा हात अडखळतो, अजून अडखळतो, आणि ते त्या साक्षीमुळे.

या खेळांना आरपीजी, रोल-प्लेइंग गेम, म्हणतात. ज्यांना ते म्हणजे काय ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ काढला. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापलं पात्र घेऊन ‘मी आता असं करतो’ म्हणायचं, आणि ते जमलं की नाही हे फाशांनी ठरवायचं. पुढे हेच कॉम्प्युटरवर आलं. सांगणाऱ्याच्या जागी यंत्र बसलं.

क्रोनो ट्रिगरमधलीच आणखी एक जागा सांगतो. तुमच्या टोळीत रोबो नावाचा यंत्रमानव असतो. इसवी सन ६००मध्ये एका बाईला उजाड वाळवंटात जंगल उभं करायचं असतं. रोबो म्हणतो, मी थांबतो मदतीला, तुम्ही पुढे जा. तुमच्याकडे कालयंत्र आहे. तुम्ही त्यात बसता आणि १०००मध्ये उतरता. तुमच्यासाठी काही सेकंद. त्याच्यासाठी चारशे वर्षं. वाळवंटाच्या जागी रान उभं आहे आणि रोबोचा गंजलेला देह तिथल्या मंदिरात ठेवलाय. दुरुस्त केल्यावर तो उठतो आणि रात्री शेकोटीपाशी तुमच्याशी बोलत बसतो. मी आजवर जेवढ्या गोष्टी वाचल्या, पाहिल्या, ऐकल्या, त्यात ‘वाट पाहणं’ इतकं अंगावर आलेलं मला आठवत नाही. त्याला तिथे सोडून जायचं बटण मीच दाबलं होतं.

नंतर इंजिनिअरिंगला असताना बाल्डर्स गेट २ सुरू केला. तेव्हा भारनियमन जोरात होतं आणि माझ्याकडे यूपीएस नव्हता. एका दुपारी तीन तासांचा खेळ सेव्ह न करता गेला. दिवे आल्यावर तेच सगळं पुन्हा खेळलो. पण आता कोण काय बोलणार हे माहीत होतं, म्हणून बोलणी ऐकलीच नाहीत. कुठल्या उत्तराला काय मिळतं तेवढं बघून पटापट उत्तरं देत गेलो. पहिल्यांदा ज्याला दया येऊन मदत केली होती, त्यालाच दुसऱ्यांदा बक्षिसासाठी मदत केली. कृती तीच, पण मला स्वतःची शिसारी आली. त्या दिवशी एक नियम केला, तो आजतागायत पाळतो: मेलो तर मागचं सेव्ह लोड करायचं, पस्तावलो म्हणून नाही.

आता चाळिशी ओलांडली. नोकरी आहे, घर आहे, आईची औषधं आहेत. रात्री साडेदहानंतर तास-दीड तास मिळतो. त्यात अजूनही आरपीजीच खेळतो, दुसरं काही मनाला लागत नाही. एकेक खेळ चार-चार महिने चालतो.

इथे आणखी कुणी असेल तर लिहा. कुठल्या खेळाने तुम्हाला असं धरलं?

---

शेंगदाणा लाडू

पोकेमॉन रेड. पहिला जोडीदार चारमँडर घेतला, आगीचा पोकेमॉन, आणि पहिल्याच जिममध्ये, म्हणजे झुंजीच्या आखाड्यात, ब्रॉकच्या दगडी पोकेमॉनपुढे आगीचं काही चालेना. पाचवीत होतो. चार दिवस गवतात हिंडून त्याला वाढवला, मग जिंकलो. कष्टाचं फळ म्हणजे काय ते मला तिथे कळलं. धागा फार आवडला दादा.

---

निळी शाई

मनापासून लिहिलंय, म्हणून मीही मनापासून विचारते. राग मानू नका.

मी मराठी शिकवते. हे सगळं, पश्चात्ताप, वाट पाहणं, स्वतःची शिसारी, चांगली कादंबरी देत नाही का? आणि कादंबरीत मधे तीनशे राक्षस मारावे लागत नाहीत. माझ्या भाच्याला खेळताना पाहिलंय. तासभर तो त्याच त्या जंगलात तीच ती जनावरं मारत होता. अशा तासांमधून रोबोसारखी दहा मिनिटं वेचायची, हे आयुष्याच्या हिशेबात परवडतं का?

---

हरिपूर रोड

निळी शाई, राग कसला. तुमचा तीनशे राक्षसांचा मुद्दा पूर्ण खरा आहे. या प्रकारात भरताड फार असतं. आपल्या पात्राची पातळी वाढवण्यासाठी तेच ते करत राहणं हा त्याचा जुना रोग आहे, आणि त्यापायी मी अर्धवट सोडलेले खेळ पुरे केलेल्यांपेक्षा जास्त आहेत.

कादंबरीबद्दल मात्र एक खेळ सांगतो. प्लेनस्केप: टॉरमेंट, १९९९, ब्लॅक आइल स्टुडिओज, मुख्य रचनाकार ख्रिस अव्हेलोन. तुम्ही एका शवागारात दगडी ओट्यावर जागे होता. नाव आठवत नाही, मरण येत नाही. पाठीवर गोंदवून ठेवलेल्या सूचना आहेत, त्या एक उडती कवटी तुम्हाला वाचून दाखवते. या खेळात लढाई फारशी करावीच लागत नाही. बहुतेक वेळ वाचन. मी मराठी माध्यमातला. मांडीवर डिक्शनरी ठेवून खेळलो. ‘बर्क’ आणि ‘कटर’ हे शब्द लोक एकमेकांना ज्या अर्थाने म्हणत होते तो काही डिक्शनरीत सापडेना. पुढे कळलं, ती त्या दुनियेची स्वतःची बोली आहे. तोवर मी ती वहीत उतरवून पाठही केली होती.

शवागारातच एका स्त्रीचं भूत भेटतं, डियोनारा. तिचं तुमच्यावर प्रेम होतं. तुम्हाला काही आठवत नाही. तिला काय म्हणायचं? समोर उत्तरांची यादी येते. या खेळात अशा याद्यांमध्ये कधी कधी तेच वाक्य दोनदा असतं. एकाच्या पुढे लिहिलेलं असतं ‘खरं’, दुसऱ्याच्या पुढे ‘खोटं’. ऐकणाऱ्याच्या कानावर दोन्ही सारखीच पडतात. फरक फक्त तुमच्या मनात, आणि खेळ तो टिपून ठेवतो.

कादंबरी मला पात्राच्या मनात काय होतं ते सांगते, आणि त्यासाठी मी जन्मभर वाचत राहीन. पण ‘हे बोलताना तुझ्या मनात काय आहे?’ असं तिने मला कधी विचारलेलं नाही. खूप पुढे एका जागी आठवणी साठवलेले दगड असतात. त्यातला एक डियोनाराचा. हातात घेतला की तिची आठवण तुम्ही तिच्या आतून जगता, आणि तिला जवळ घेणारा तुमचा जुना जन्म त्या वेळी काय विचार करत होता तेही कळतं. तो थंड डोक्याने तिला वापरत होता. मी सुरुवातीला तिच्याशी दयेपोटी खोटं बोललो होतो. तो दगड हातात घेतल्यावर माझ्या दयेचं काय झालं, ते तुम्हीच ठरवा.

परवडतं का? मला परवडलं.

---

निळी शाई

‘खरं’ आणि ‘खोटं’ची गोष्ट माहीत नव्हती. वर्गात नाट्यउतारा शिकवताना मी मुलांना नेमकं हेच विचारते: हे वाक्य पात्र खरं बोलतंय का? विचार करते आहे.

---

अंजनवेल

मी बहुधा इथला सगळ्यात वयस्क. १९८६ला एमएससाठी ओहायोत आलो आणि इथेच राहिलो. माझ्या खोलीतल्या सोबत्याकडे ॲपल टू कॉम्प्युटर होता आणि त्यावर अल्टिमा ४. खोक्यात कापडावर छापलेला नकाशा आणि धातूचं एक चिन्ह. ते मी हातात धरून बसलो होतो हे अजून आठवतं.

अल्टिमा ४ रिचर्ड गॅरियटचा, १९८५चा. यात मारायला शेवटचा कुणी दुष्ट राजा नाही. खेळाचं ध्येय काय, तर ‘अवतार’ व्हायचं. शब्द आपलाच आहे, गॅरियटने हिंदू कल्पनेवरूनच घेतला. गुहागरहून आलेल्या, घरी रामरक्षा म्हणत वाढलेल्या मुलाला ओहायोच्या थंडीत एका हिरव्या पडद्यावर ‘अवतार’ दिसतो. काय वाटलं असेल तुम्हीच बघा.

आठ सद्गुण अंगी बाणवायचे. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म, विनम्रता. आकडा पडद्यावर दिसत नाही. तुम्ही वागत राहायचं, खेळ गुपचूप मोजत राहतो. भिकाऱ्याला दिलंत तर करुणा. पळ काढलात तर शौर्य घटलं.

आणि एक आंधळी बाई मंत्रांसाठी लागणारी मुळ्या-भुकटी विकते. ती किंमत सांगते, तुम्ही माल घेता, आणि नाणी तुम्ही स्वतः मोजून द्यायची. कमी दिलीत तरी ती घेते. काही बोलत नाही. माझ्याकडे पैसे थोडे होते. मी एकेक नाणं देऊन पोतंभर माल नेला, महिनाभर नेत राहिलो, आणि प्रामाणिकपणाची परीक्षा देण्याच्या जागी पोचलो तेव्हा परत पाठवला गेलो. का ते समजायला मला दोन दिवस लागले. समजलं तेव्हा थेट तिच्याकडे गेलो आणि दर खेपेला जास्तीचे पैसे मोजू लागलो.

हरिपूर रोड, तुमचा डबा तो माझा हा हिशेब. तुमच्याआधी पंधरा वर्षं.

---

हरिपूर रोड

काका, अंगावर काटा आला. क्रोनो ट्रिगरच्या दहा वर्षं आधी हे होतं! अल्टिमा ४ मी नावानेच ओळखत होतो. या शनिवारी लावतो.

---

पायवाट

माझा खेळ मोरोविंड. बेथेस्डा, २००२. धरलं म्हणाल तर मला त्याने वाट चुकवून धरलं.

हल्लीच्या खेळांत नकाशावर बाण असतो. कुठे जायचं ते पडद्यावर चमकतं, डोकं बाजूला ठेवून चालत सुटायचं. मोरोविंडमध्ये लोक वाट सांगतात. अगदी आमच्याकडे पाटणच्या खोऱ्यात सांगतात तशी. पूल ओलांडा, नदीच्या कडेकडेने वर जा, दोन मोठे खडक लागले की उजवी घ्या, पुढं थडगं दिसेल. ते वहीत लिहून घ्यायचं आणि निघायचं. कधी सांगणाऱ्याचंच चुकलेलं असतं. धुळीचं वादळ उठलं की दहा पावलांवरचं दिसत नाही. मग कुठल्यातरी भलत्याच गुहेपाशी पोचायचं आणि तिथे जे सापडेल ते सापडेल.

सुरुवातीला तुम्हाला बोटीतून एका चिखलातल्या बंदरावर उतरवतात, हातात एक पुडकं देतात आणि बाल्मोरा गावात अमुक माणसाला नेऊन दे म्हणतात. बस. मी रस्त्याला लागलो. गावाबाहेर थोडं पुढे गेल्यावर आभाळातून किंकाळी ऐकू आली आणि एक माणूस धप्पकन माझ्यासमोर पडून मेला. त्याच्याजवळ तीन गुंडाळ्या सापडल्या, उडायच्या मंत्राच्या, आणि एक रोजनिशी. मंत्र त्याने स्वतः शोधलेला. उंच उडता यायचं, उतरायचं कसं याचा विचार राहून गेलेला. आता तुम्ही शहाणे असाल तर त्या गुंडाळ्या तशाच ठेवाल. मी वापरली. आणि त्याच्यासारखाच पडलो.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. कुठल्याही नव्या गावी उतरलं की ते आधी चहाच्या टपरीवर जाऊन वाट विचारायचे, वाट कळलेली असली तरी. म्हणायचे, सांगणारा कसं सांगतो त्यावरनं गाव कळतं. मोरोविंड खेळताना मला ते सारखे आठवायचे. ते जाऊन सहा वर्षं झाली. त्या बेटावर मी अजून अधूनमधून नुसता चालायला जातो.

---

शेंगदाणा लाडू

+१. बाण बंद करून खेळायची सोय काही नव्या खेळांत आहे. पण माणसं वाट सांगतच नाहीत, मग बाण बंद करून काय उपयोग.

---

रातराणी

मी या विषयातली नाही. शोधता शोधता इथे आले. माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीला घरी आलाय. रात्री दोन-दोनपर्यंत खोलीत दिवा. काय खेळतोस विचारलं तर म्हणतो, आई, तुला नाही कळणार. नाव बाल्डर्स गेट ३ असं दिसलं. तुमचे सगळ्यांचे अनुभव वाचून रागापेक्षा उत्सुकता जास्त वाटायला लागली. त्याच्याशी यावर बोलायचं तर कुठून सुरू करू?

---

वीस आला

रातराणी ताई, बोलू नका, शेजारी जाऊन बसा! हा खेळ दोघांना एकाच पडद्यावर खेळता येतो, पडदा मधोमध वाटून. दुसरा कंट्रोलर लागेल. त्याला फक्त म्हणा, मला एक पात्र करून दे.

बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा, ऑगस्ट २०२३चा. त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम खेळ हाच ठरला. वर दादांनी सांगितलेल्या टेबलावरच्या खेळाचेच नियम, आणि वीस बाजूंचा फासा चक्क तुमच्या डोळ्यांसमोर गडगडतो. आम्ही पुण्यात सहा जण दर रविवारी टेबलावरचा खेळ खेळतो. त्यातल्या चौघांना या खेळाने तिथवर आणलं.

---

पाणपोई

मी भाषांतराचं काम करते. ॲप्सवरची मराठी बटणं, सूचना, असलं सगळं. म्हणून माझा मुद्दा जरा वेगळा आहे.

पोलंडची सीडी प्रोजेक्ट ही कंपनी १९९४ साली दोन मित्रांनी वॉर्सात सुरू केली. आधी बाहेरचे खेळ आणून विकायचे. मग त्यांनी बाल्डर्स गेट पोलिशमध्ये आणायचं ठरवलं. पहिला बाल्डर्स गेट पाच सीडींचा होता, त्यात बोलणी किती असतील बघा. नावाजलेले नट घेऊन पोलिश आवाज भरले, आणि लोकांनी तो उचलून धरला. त्याच कंपनीने पुढे स्वतःचा खेळ काढला, २००७चा द विचर, आणि २०१५ला विचर ३. म्हणजे सुरुवात भाषांतराने झाली. दुसऱ्याची गोष्ट आपल्या तोंडात नीट बसवता आली, मग स्वतःची सांगायला घेतली.

विचर ३ मधला एक प्रसंग मी कधीच विसरणार नाही. एक जहागीरदार असतो, दारुडा, बायकोला मारणारा. तिचं मूल पोटातच जातं. त्याला नाव न ठेवता, काही विधी न करता पुरून टाकतात, आणि ते पिशाच होऊन उठतं. तुम्ही भुतं मारून पोट भरणारे. सरळ तलवार चालवू शकता. किंवा त्या बापाला सांगू शकता, उचल त्याला. मग तो अवजड, रडका माणूस ते भयंकर पोर दोन्ही हातांत धरून रात्री वाऱ्यापावसात चालत निघतो. पोर मधेच पिसाळायला लागतं, त्याला शांत करायचं. घरी आल्यावर तो म्हणतो, तू माझी मुलगी आहेस, तुझं नाव डेआ. आणि तिला उंबरठ्याखाली पुरतो. मग ती घराची राखणदार होते.

बारसं आणि उंबरठा! माझी आजी राजापूरकडची. मुंज होऊन सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, बाळंतपणात गेलेली बाई अलवंतीण होते, कुणाला काय द्यायचं, कुणाशी कसं बोलायचं, सगळं तिला पाठ होतं. प्रत्येक भुतामागे कुणीतरी अर्धवट सोडलेलं माणूस आहे, हे ती गोष्टी सांगता सांगता शिकवून गेली. पोलंडच्या लोकांनी त्यांच्या आजीच्या गोष्टींचा खेळ केला आणि तो ठाण्यात बसून मला कळला, आतपर्यंत कळला. मग आपला का असू नये? आणि मराठीत का असू नये? ‘अगं’, ‘अहो’, ‘काय रे’ आणि ‘काय हो’ यांतून समोरच्याशी नातं कसं बदलतं, ते संवादांच्या यादीत किती सुंदर वापरता येईल. कुणाला अरे म्हणायचं आणि कुणाला अहो, एवढ्यावर एक अख्खं गाव तुमच्या बाजूला येईल नाहीतर उलटेल. मी रात्री जागून फुकट भाषांतर करायला तयार आहे. खरंच सांगते.

---

वीस आला

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ आहे, २०२०चा. भाऊ हरवलेली मुलगी, दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतात. पण तो मारामारी आणि उड्यांचा, आरपीजी म्हणता येणार नाही. २०१४चा ‘अनरेस्ट’ मात्र नक्की बघा, पायरोडॅक्टिल या भारतीय स्टुडिओचा. दुष्काळ पडलेलं भिमरा नावाचं काल्पनिक प्राचीन नगर, आणि तुम्ही कुणी निवडलेला वीर नसता. एकदा शेतकऱ्याची मुलगी, तिचं लग्न ठरवलंय. एकदा आणखी कुणी. जवळजवळ सगळा खेळ बोलण्याचा.

---

पायवाट

पाणपोई ताई, अहो-अरेचा खेळ काढाच. वाट सांगायचे संवाद मी लिहून देतो.

---

हरिपूर रोड

अंजनवेल काका, अल्टिमा ४ लावला. सुरुवातीला गाडीतली ती ज्योतिषीण प्रश्न विचारते ना, दोन्ही बाजू चांगल्या असलेले, त्यावरच पाऊण तास बसलो. दया निवडू की न्याय? पत्नी शेजारी येऊन बसली, तिची उत्तरं माझ्यापेक्षा वेगळी आली आणि त्यावर आम्ही रात्री बारापर्यंत बोलत होतो. आंधळ्या बाईकडे अजून पोचलो नाही. पैसे साठवून ठेवलेत.

---

रातराणी

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. दुसरा कंट्रोलर आणला. मुलगा आधी हसला, मग ‘तुला खरंच खेळायचंय?’ असं दोनदा विचारलं. मी गाणारी घेतली. बार्ड म्हणतात तिला. बटणं अजून चुकतात, भिंतीला धडकते, तो न चिडता सांगतो.

झाडीतल्या एका वस्तीत पोचलो. शिंगं असलेल्या निर्वासितांची एक लहान मुलगी, अराबेला, देवाची मूर्ती चोरताना पकडली गेलेली. तिथली बाई तिच्यावर नाग सोडून उभी. मुलगा म्हणाला, आई, तू बोल, तुझं पात्र बोलण्यात चांगलं आहे. मी तिला समजावायला गेले. फासा पडला. हवा होता त्याच्या निम्माही आकडा आला नाही. पोर घाबरून पळायला गेली आणि नागाने तिला दंश केला. एका क्षणात संपलं.

मुलगा लगेच म्हणाला, थांब, मागचं सेव्ह लोड करू, पुन्हा फासा टाक. तो तर तसंच करतो नेहमी. मला हरिपूर रोड दादांचा नियम आठवला. मी म्हटलं, नको. मी बोलायला गेले, मला जमलं नाही. राहू दे तसंच.

बाहेर तिचे आईबाप उभे होते. आत काय चाललंय ते कळत नाही म्हणून तळमळत असलेले. मुलगा म्हणाला, यांच्याशी बोललंच पाहिजे असं नाही, बाजूने जाता येतं. मी गेले. मीच सांगितलं. त्या आईकडे पाहताना माझा कंट्रोलर धरलेला हात थरथरत होता, हे लिहिताना मला लाज वाटत नाही. खोलीत दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. मग त्याने खेळ थांबवला आणि पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना तो आपणहून म्हणाला, मी आजवर तीनदा हा खेळ सुरू केला, ती मुलगी एकदाही मेली नाही, कारण मी मरूच दिली नाही. मग त्याच्या कॉलेजमधल्या एका मित्राबद्दल बोलला. ते इथे लिहीत नाही, पण सहा महिन्यांत इतकं बोलला नव्हता.

आता त्याच वस्तीत पिंजऱ्यात एक गॉब्लिन जातीची, म्हणजे बुटक्या राक्षसांतली, बाई कोंडलेली आहे. तिला सोडवायचं की नाही यावर दोन दिवस आमचं जमत नाहीये. तो म्हणतो विश्वास ठेवू नको, मी म्हणते आधी ऐकून तरी घे. पुढे काय होतं ते कुणी सांगू नका, प्लीज.

---

हरिपूर रोड

नाही सांगत, ताई.

---

वीस आला

मीही नाही. ठरलं की मात्र इथे येऊन लिहा.